जत्रेला लागतो मोकळा माळ

पौष पौर्णिमेला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळत असतो, तेव्हा खाली बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरलेला असतो. सौराष्ट्रातून आलेली उंच, मजबूत काठेवाडी गाढवं एका बाजूला आणि अंगानं लहान, काटक गावठी गाढवं दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक जनावराभोवती फेरी मारतं, पाय बघतं, पाठीवर हात फिरवतं आणि मग जबडा उघडून दात मोजतं. दोन दातांचं ते दुवान, चार दातांचं चौवान. कोरं, जवान, अखंड असे पुढचे-मागचे शब्दही कानावर पडतात. भाव ठरतो तो दात, रंग आणि उंची बघून. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार, कुंभार, परीट अशा कितीतरी समाजांची माणसं या दोन-तीन दिवसांसाठी जेजुरीत उतरतात. वीटभट्टीवर, नदीकाठच्या वाळूवर, जिथे गाडी चढत नाही अशा डोंगरी कामांवर गाढव अजूनही लागतं, आणि ते विकत घ्यायला जेजुरी आणि नगर जिल्ह्यातल्या मढीसारखी मोजकीच ठिकाणं उरली आहेत.

या बाजाराला इमारत नाही, गाळे नाहीत, वर्षभर चालणारं कार्यालय नाही. त्याची जाहिरातही कुणी करत नाही. तिथी सगळ्यांना पाठ आहे आणि जागा ठरलेली आहे, एवढ्या दोन गोष्टींवर तो पिढ्यानपिढ्या भरत आला आहे. यातली तिथी कुणी हिरावून घेऊ शकत नाही. जागेचं मात्र तसं नाही. महाराष्ट्रातल्या जत्रांबद्दल आज बोलायचं तर ते या जागेबद्दलच बोलायला हवं.

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या जत्रा मार्गशीर्ष ते चैत्र या महिन्यांत येतात, याला कारण आहे. खरीप घरात आलेलं असतं, पुढे रब्बीही निघते. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात, पाऊस नसतो, आणि शिवार रिकामं असतं. ज्वारी-हरभरा काढल्यावर गावालगतची रानं मोकळी पडत आणि देवळापुढच्या माळाला जोडून ती जत्रेच्या कामी येत. कुणाच्या रानात बैलगाड्या सुटत, कुणाच्या रानात राहुट्या पडत, कुणाच्या रानात कुस्त्यांचा आखाडा. जमीन एकाची असली तरी त्या चार दिवसांपुरती ती गावाची असे, आणि त्याबद्दल कुणी कुणाला अर्ज करत नसे.

बागायत वाढली तसं हे चित्र बदललं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. द्राक्ष-डाळिंबाची बाग तर वर्षानुवर्षं हलत नाही. पाणी आलं, पीक आलं, पैसा आला, हे चांगलंच झालं. पण जत्रेला मिळणारी रिकामी रानं त्यासोबत संपली, आणि सगळा भार देवळापुढच्या सार्वजनिक माळावर आला. नेमका तोच माळ अनेक गावांत आक्रसत गेला आहे.

त्या माळावर काय काय विकलं जातं, हे एकदा नीट पाहायला हवं. लोहार आणि घिसाडी विळे, खुरपी, कोयते, तवे, सांडश्या मांडतात. बुरुडांकडे सुपं, टोपल्या, दुरड्या. सुताराकडे रवी, पोळपाट, लाटणं. दगडी पाटा-वरवंटा आणि उखळ घेऊन वडार बसलेले. माठ आणि चुली घेऊन कुंभार. जनावरांच्या बाजाराला लागून कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, गोंडे, घुंगूरमाळा आणि झुलींची ओळ. पुढे कासारांकडे बांगड्या भरायला बसलेल्या बाया. आणि हे सगळं ओलांडून गेलं की रेवड्या, बत्तासे, गोडीशेव, भत्ता, गरम जिलेबी.

यातल्या बऱ्याच वस्तू बनवणारा आणि विकणारा एकच माणूस असतो, ही जत्रेची खरी ताकद. खुरप्याला पाणी कसं दिलंय, हे विचारायला गिऱ्हाइकाला समोर घिसाडीच मिळतो. घोंगडीचं उदाहरण घ्या. दख्खनी मेंढीची लोकर कातरून, सूत कातून, खड्डामागावर विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. त्या खळीनं ती ताठ आणि दाट होते, आणि पावसात मेंढपाळाच्या डोक्यावर चांगली टिकते. ही वस्तू दुकानाच्या फळीवर ठेवली तर नवख्या गिऱ्हाइकाला ती नुसती खरखरीत वाटेल. जत्रेत ती अंगावर घेऊन बघता येते, विणणाऱ्याशी बोलता येतं. धनगरांची मोठी गर्दी होणाऱ्या जत्रांमध्ये, मग ती हातकणंगले तालुक्यातली पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची असो किंवा आटपाडीजवळच्या खरसुंडीच्या सिद्धनाथाची, घोंगडी पारखणारा माणूस असतोच.

सातपुड्याच्या बाजूला, तापीकाठच्या सारंगखेड्यात याच व्यवहाराचं रूप वेगळं. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं हे गाव. तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला यात्रा भरते. यात्रा दत्ताची, पण तिची कीर्ती घोड्यांची. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश इथून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढरे नुकरे. घोडा विकायचा तर त्याला नुसतं उभं करून चालत नाही. त्याची चाल दाखवावी लागते, त्याला पळवावं लागतं, नाचवावं लागतं. शंभर पावलं सरळ दौड मारायला जागा नसेल तर घोड्याचा बाजार होऊच शकत नाही. तापीकाठचं ते विस्तीर्ण पटांगण आहे म्हणून पंजाबातला माणूस एवढ्या लांब घोडा घेऊन यायला तयार होतो.

सारंगखेड्याच्या यात्रेला अलीकडे चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे. राज्याच्या पर्यटन खात्यानं त्यात लक्ष घातलं, स्पर्धा झाल्या, पर्यटकांसाठी तंबू उभे राहिले. गावाला पाहुणे मिळाले, हे स्वागतार्ह. पण पाहुण्यांसाठीचे तंबू आणि विक्रेत्यांच्या राहुट्या यांत जागेचा प्रश्न आला, तर पहिला हक्क विक्रेत्यांचा मानला पाहिजे. पाहुणा घोडे बघायलाच येतो. घोडेवाला परत गेला तर पाहुण्यालाही तिथे काही उरत नाही.

जनावरांच्या या बाजारांपुढे जागेखेरीज दुसरंही संकट आहे, ते सांगायलाच हवं. २०१९च्या पशुगणनेत देशातली गाढवं १ लाख २० हजारांवर आली. २०१२मध्ये ती ३ लाख २० हजार होती. म्हणजे सात वर्षांत ६० टक्क्यांहून जास्त घट. घोडे आणि तट्टं मिळून ३ लाख ४० हजार उरली, तिथेही घट ४५ टक्क्यांच्या वर. यंत्रं आली, रस्ते झाले, टेम्पो डोंगरापर्यंत पोहोचला. ओझ्याच्या जनावरांची गरजच कमी झाली. तरी ज्यांचं पोट आजही त्यांच्यावर चालतं, त्या माणसांना वर्षातून एकदा खरेदी-विक्रीची आणि एकमेकांना भेटण्याची जागा लागते. भटक्या समाजांसाठी जेजुरी, मढी, नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव ही ठिकाणं म्हणजे पांगलेली नाती पुन्हा एकत्र येण्याचीही ठिकाणं आहेत. सोयरिकी इथे जुळत. जातपंचायतीही इथेच बसत आणि त्यांचे निवाडे अनेकदा, विशेषतः बायांवर, क्रूर असत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा महाराष्ट्रानं केला, तो योग्यच केला. पंचायतीचा धाक जावा आणि भेटीगाठींचा माळ राहावा.

माळावर येणाऱ्यांत कलावंतही आहेत. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिटीचे लोक तिथे येतात, फड बघतात, तारखा जुळवतात आणि सुपारी देऊन जातात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर फडांचं अर्धं वर्ष अवलंबून असतं. तमाशाच्या खेळाला रंगमंच, राहुटी, कलावंतांच्या गाड्या आणि हजारो प्रेक्षक बसतील एवढी जमीन लागते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा फडांचे कलावंत, पाळणेवाले, खेळणीवाले, रेवडीवाले सगळे एकदम रिकामे बसले. जत्रेवर किती घरं चालतात हे ज्यांना कधी जाणवलं नव्हतं, त्यांना ते त्या दोन वर्षांत दिसलं.

बैलगाडा शर्यतींचीही तीच गोष्ट. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत, शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली आणि अनेक यात्रांचा कणाच मोडला. १६ डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं ती कायम केली. बैलाला इजा होता कामा नये, या अटी काटेकोर पाळल्या गेल्याच पाहिजेत, त्यात सवलत नको. पण परवानगी मिळाल्यावर खिलार खोंडाला पुन्हा मागणी आली. ज्या गावांनी बंदीच्या सात वर्षांतही आपला घाट मोकळा ठेवला होता, त्यांची यात्रा लगेच उभी राहिली. जिथे घाटावर बांधकामं झाली, तिथे परवानगीचा कागद येऊनही काही उपयोग नाही.

मोकळी जागा ही सोयीची गोष्ट वाटते. ती जिवाची गोष्ट आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवी इथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे माणसं गेली. देवळाकडे जाणारी चढाची वाट अरुंद होती. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. दोन्ही बाजूंना दुकानं अगदी लागून. गर्दीचा लोंढा कोसळला, पाठोपाठ दुकानांना आगी लागल्या, सिलिंडर फुटले. पळायला जागा नव्हती. या घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. मांढरदेवीत गेलेली माणसं देवाला आणि खरेदीला आलेली साधी गावकरी माणसं होती. दुकानं वाटेवर का आली, याचं एक उत्तर सरळ आहे: दुकानांना बाजूला हक्काची मोकळी जागा नव्हती.

पंढरपूरनं या बाबतीत एक वेगळी वाट दाखवली आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्यांच्या राहुट्या पडत, आणि तिथल्या अस्वच्छतेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. वाळवंटातल्या राहुट्यांवर निर्बंध आले तेव्हा नदीपलीकडे ६५ एकरांचा भक्तिसागर तळ उभा केला गेला. तिथे पाणी, शौचालयं, दिवे, आखून दिलेले भूखंड आहेत. कार्तिकीचा जनावरांचा बाजार वाखरीला भरतो. म्हणजे गर्दीची जागा, मुक्कामाची जागा आणि बाजाराची जागा अशी वेगवेगळी असू शकते. हे पंढरपूरला जमलं ते त्याच्यामागे सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष असतं म्हणून. दीड-दोन हजार वस्तीच्या गावाकडे असं लक्ष देणारं कुणी नसतं. त्या गावाला आपली जागा आपणच सांभाळावी लागते.

त्यासाठी कायदा आहे का? आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं २२वं कलम गावकऱ्यांनी एकदा वाचावं असं आहे. सरकारच्या मालकीच्या पडीक जमिनी गावातल्या ठरावीक कामांसाठी राखून ठेवता येतात, असं ते सांगतं. त्या कामांच्या यादीत गुरांसाठी मोफत कुरण आहे, दहन-दफनभूमी आहे, गावठाण आहे, तळ देण्याची जागा आहे, खळं आहे आणि बाजारही आहे. एकदा जमीन अशा कामाला नेमून दिली की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. कुरण, खळं, तळ आणि बाजार या चारही गोष्टी एका ओळीत आल्या आहेत, कारण गावात त्या बहुधा एकाच माळावर नांदत आल्या. सकाळी गुरं, सुगीत मळणी, आठवड्याला बाजार आणि वर्षातून एकदा जत्रा.

२८ जानेवारी २०११ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातल्या एका गावतळ्याच्या जमिनीचं प्रकरण निकालात काढताना सगळ्या राज्यांना आदेश दिला, की गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करा. जगपाल सिंग खटला म्हणून हा निकाल ओळखला जातो. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना रीतसर दिलेल्या जागा आणि शाळा-दवाखान्यासारखे सार्वजनिक वापर यांना त्यात अपवाद ठेवला आहे. हा अपवाद महत्त्वाचा. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीन दलित कुटुंबांनी त्या जमिनीसाठी मोठा लढा दिला आहे. त्यांचं दीड-दोन एकरांचं रान आणि रस्त्याकडेला व्यापारी गाळे काढण्यासाठी बळकावलेला माळ, या दोघांना एकच माप लावणं अन्यायाचं होईल.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८च्या कलम १२४नुसार जत्रा-उत्सवांवर कर आणि बाजारावर फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. त्या पैशातून पाणी, दिवे, सफाई व्हावी, हे रास्त. पण वसुलीचा लिलाव होऊन ती ठेकेदाराकडे गेली की त्याचं लक्ष जास्त बोली बोलणाऱ्याकडे असतं. मोठा पाळणा आणि कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांचं दुकान मोक्याची जागा घेतं. चार टोपल्या घेऊन आलेली बुरूड बाई कोपऱ्यात, उन्हात जाते. शहरातल्या फेरीवाल्यांना २०१४च्या कायद्यानं थोडं तरी संरक्षण दिलं. तो कायदा शहरांसाठी आणि नगरांसाठी आहे, खेड्यातल्या जत्रेत बसणाऱ्याला त्याचा आधार नाही. म्हणून ग्रामसभेनंच ठरवायला हवं, की हातानं वस्तू घडवून विकणाऱ्याला जागा फुकट किंवा नाममात्र पावतीवर आणि देवळाच्या वाटेजवळ मिळेल. याला सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.

गोव्यात याच धर्तीची एक सुंदर परंपरा टिकून आहे. पावसाळ्याची बेगमी करण्याचा पुरुमेंताचा बाजार तिथे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत भरतो. म्हापशात मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला आणि मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला सुकी मासळी, कांद्याच्या माळा, मिरच्या, आमसुलं, चिंच, गूळ, नारळाचं व्हिनेगर, मातीची भांडी यांचे ढीग लागतात. चार महिने मासेमारी बंद आणि वाटा चिखलाच्या, म्हणून सुरू झालेली ही खरेदी. आता बारा महिने सगळं मिळत असूनही लोक मिरची आणि सुकी मासळी तिथूनच घेतात, कारण ती कुठल्या गावची आहे हे विकणारी सांगू शकते.

गंमत अशी, की गावात जत्रेचा माळ आकसत असताना शहरांनी जत्रा उचलून नेली आहे. पुण्यात २००६ पासून भीमथडी जत्रा भरते. मुंबईत उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं. बचतगटांच्या बाया पापड, चटण्या, गोधड्या, घोंगड्या घेऊन येतात आणि माल संपवून जातात. शहरी माणूस प्रवेशाच्या रांगेत उभा राहतो, मांडे आणि झुणका-भाकरी खातो, पिशव्या भरून निघतो. ही प्रदर्शनं चालावीत, वाढावीत. त्यांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे: गावात घडलेल्या वस्तूला गिऱ्हाईक आहे. शहरात ज्यासाठी मोठं मैदान भाड्यानं घ्यावं लागतं, ते गावाकडे आधीपासून आहे.

जत्रेला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी यंदा घरी येताना निदान एक विळी, एक सूप किंवा एक घोंगडी बनवणाऱ्याच्या हातून घ्यावी. आणि गावात राहणाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत जत्रेच्या माळाचा सातबारा मागावा. तो कुणाच्या नावावर आहे, कुठल्या कामासाठी नेमून दिलेला आहे, क्षेत्र किती आहे आणि जागेवर प्रत्यक्ष किती उरलं आहे, हे चार प्रश्न विचारावेत. मोजणीचा ठराव करून घ्यावा, हद्दीला खांब रोवावेत आणि त्या ठरावाची नक्कल देवळाच्या भिंतीवर लावावी. हे काम जत्रेच्या आधी झालं पाहिजे.